माळव्यातील खारे पाणी

समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या, ज्याच्या कोणत्याही दिशेला दिवसभर चालत गेले तरी काळी माती आणि गहू-सोयाबीनची शेते यांखेरीज दुसरे काही दृष्टीस पडत नाही अशा देवास शहरात, एका जुन्या घराच्या ओसरीलगतच्या खोलीत, दीडशे लिटर खाऱ्या पाण्यात एक फ्रॉगफिश राहत आहे, हे मी ज्यांना प्रथम सांगतो त्यांच्या मुद्रेवर आश्चर्यापेक्षा अविश्वासच अधिक उमटतो; आणि प्रत्यक्ष टाकीपुढे नेऊन उभे केल्यावर तो अविश्वास कमी होण्याऐवजी वाढतो, कारण त्यांना तिच्यात मासा म्हणून दिसतच नाही.

वास्तविक तो त्यांच्यासमोरच, काचेपासून वीतभर अंतरावर बसलेला असतो. जांभळट-गुलाबी शेवाळाची पुटे चढलेल्या खडकाच्या एका कपारीत, तीन-साडेतीन इंच लांबीचा आणि जवळजवळ तेवढ्याच उंचीचा, खवल्यांचा लवलेश नसलेला, सर्वांगावर चामखिळींसारखे उंचवटे मिरवणारा असा तो देह आहे. चापल्य, लकाकी, निमुळती अंगलट हे जे गुण माशाच्या नावाबरोबर आपल्या मनात उभे राहतात, त्यांपैकी एकही त्याच्या ठायी नाही. छातीचे पर कोपरात वाकलेल्या हातासारखे आहेत. त्यांच्या आणि पोटाखालच्या परांच्या आधाराने तो खडकावर टेकून असतो, आणि जागा बदलण्याची वेळ आलीच तर पोहण्याऐवजी एकेक पाऊल टाकीत चालतो. कल्ल्याचे छिद्र या हातांच्या मुळामागे दडलेले असून इतके लहान आहे, की श्वासोच्छ्वासाची हालचालसुद्धा बाहेरून सहसा ओळखू येत नाही. त्यातून पाण्याचा झोत सोडून त्याला स्वतःला पुढे ढकलताही येते. परंतु एवढी तसदी तो क्वचितच घेतो.

मुंबईहून आला तेव्हा तो पिवळाजर्द होता. पुढे आठवड्यामागून आठवडे जात चालले तसतसा तो पिवळेपणा मावळत गेला, मधूनच विटकरी डाग उमटू लागले, आणि कोणत्या दिवशी तो पूर्णपणे खडकाच्या वर्णाचा झाला हे आम्हा घरातल्या माणसांनासुद्धा निश्चयाने सांगता येणार नाही. सरडा क्षणात रंग पालटतो असे आपण ऐकतो. येथे तो प्रकार नाही. आपण कोठे राहावयास आलो आहोत याचा पुरता अदमास घेऊन, सावकाश, जणू कायमच्या वास्तव्याच्या इराद्याने त्याने हा वर्ण धारण केला. या जातीचे मासे हिंदी आणि प्रशांत महासागरांतील प्रवाळांच्या आश्रयाने राहतात. तेथे स्पंज आणि शेवाळ यांच्यामध्ये बसून भक्ष्यालाही आणि भक्षकालाही आपण तेथे नाहीच असे भासविणे, यावरच त्यांच्या जीविताचा सारा भार असतो.

परंतु केवळ लपून भागत नाही, भक्ष्य जवळ यावे लागते. आणि त्याची जी तजवीज निसर्गाने करून ठेवली आहे ती इतकी अपूर्व आहे, की ती एकदा पाहिलेल्या माणसाला हा प्राणी आळशी आहे असे म्हणवणार नाही. त्याच्या नाकाडावर, डोळ्यांच्या किंचित पुढे, एक केसासारखी बारीक काठी आहे. पाठीवरच्या पराचा पहिला काटाच उत्क्रांतीच्या ओघात पुढे सरकून तिच्यात परिणत झाला आहे; एरवी ती मागे मुडपून ठेवलेली असते. तिच्या टोकाशी एक मांसल आमिष असते, आणि या जातीत ते आमिष चिमुकल्या माशासारखे दिसते. पीट्श आणि ग्रोबेकर या अमेरिकन संशोधकांनी फिलिपाइन्सच्या समुद्रातील अशाच एका माशाचे हे आमिष 1978 साली शास्त्रीय जगापुढे मांडले. त्यावर डोळ्याचा ठिपका आणि पराच्या रेषा यांचासुद्धा आभास असतो. काठी पुढे घेऊन तो ती हलवू लागला, की ते खोटे मत्स्यपिल्लू पाण्यात पोहत असल्याचा भास होतो. एखाद्या माशाने ते आमिष तोडून नेले तर काही काळाने ते पुन्हा वाढते. याच गणातील एका मोठ्या माशाची ही गळ टाकण्याची विद्या ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात नोंदून ठेवली आहे; म्हणजे माणसाला या कौतुकाचा परिचय होऊन दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली.

त्याचे जेवण मात्र कोणालाही पाहता येत नाही, पुढे बसलेल्यालाही नाही. तिन्हीसांजेच्या सुमारास खोलीतला मोठा दिवा मालवून मी लांब चिमट्यात कोळंबीचा एक तुकडा धरतो आणि तो त्याच्यापासून चार बोटांवर पाण्यात हळूहळू हलवितो. प्रथम काहीच घडत नाही. मग डोळा, त्या सबंध देहातील एवढा एकच अवयव, किंचित वळतो. मग काठी पुढे येते, दोनचार वेळा थरथरते आणि पुन्हा मागे जाते. हाताचा एक पंजा अर्धवट उचलला जातो आणि खडकावर तेथेच परत टेकतो. मी श्वास रोखून चिमटा आणखी तसूभर पुढे नेतो. आणि चिमट्यात कोळंबी नसते. तोंड उघडलेले दिसत नाही, मिटलेले दिसते. खाली वाळूचे चार कण उडालेले दिसतात. त्याच संशोधकांनी अतिशय वेगवान चित्रफितीवर हा घास टिपून 1979 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणे या जातकुळीचे मासे एका सेकंदाच्या हजार भागांपैकी अवघ्या सहा भागांत भक्ष्य आत ओढतात आणि त्या वेळी त्यांच्या मुखाची पोकळी बारा पटींपर्यंत फुगते. आपल्या पापणीला मिटून उघडण्यास याच्या निदान पंधरापट अवधी लागतो. दिवसचे दिवस अचल बसून राहणाऱ्या या देहाच्या ठिकाणी प्राणिसृष्टीतील अत्यंत शीघ्र हालचालींपैकी एक वसत आहे, हे मला पुस्तकांतून पूर्वीच ठाऊक होते. तरी त्या रिकाम्या चिमट्याकडे पाहताना आजही मला ते प्रथमच कळल्यासारखे वाटते.

आमच्या घरात मांसाशन नाही. त्यामुळे कोळंबीचा डबा ठेवण्यासाठी एक लहानसे स्वतंत्र शीतकपाट घ्यावे लागले, आणि त्याहून कठीण असा जो प्रश्न होता तो आईपुढे मांडावा लागला. तिने फारसा वाद केला नाही. ती म्हणाली, "त्याचं अन्न त्याला द्यायला हवं, पण जिवंत काही घालू नकोस." सुरुवातीचे काही दिवस हे वचन पाळले जाईल की नाही याची मला शाश्वती नव्हती, कारण हे मासे मेलेल्या अन्नाकडे पुष्कळदा ढुंकून पाहत नाहीत, आणि पाळणारे लोक मॉलीसारखे गोड्या पाण्यातले मासे खाऱ्या पाण्याला सरावून त्यांच्यापुढे सोडतात. आमच्याकडील माशाने चिमट्यातली कोळंबी स्वीकारली आणि एक धर्मसंकट टळले. तीन-चार दिवसांतून एकदाच त्याला खायला द्यायचे असते. अधिक दिले तर तो नाकारीत नाही, पण ते त्याला बाधते, आणि घरोघरच्या टाक्यांत हे मासे उपासाने नव्हे तर पाळणाऱ्यांच्या लोभाने मरतात. मधल्या दिवशी टाकीवरून जाताना आई हटकून विचारते, "आज त्याची एकादशी का रे?" त्याच्या सोबतीला दुसरा मासा ठेवता येत नाही, कारण आपल्याएवढ्या आकाराचा जीवसुद्धा तो गिळू शकतो. एकांत ही त्याच्या पालनातील पहिली अट आहे.

येथवर मी माशाविषयी लिहिले. पण खरे पाहता मासा पाळण्याचे काम आठवड्यातून दोनदा, तेही पाचदहा मिनिटांचे असते. उरलेला सगळा वेळ पाळावे लागते ते पाणी. दर लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या मानाने तयार समुद्री क्षार आरओच्या पाण्यात विरघळवायचे, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून प्रकाशाकडे धरायचे आणि निळ्या-पांढऱ्या सीमारेषेचा आकडा नोंदवहीत उतरवायचा. उष्णमान पंचवीस अंशांच्या आसपास राहील असा बंदोबस्त ठेवायचा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आहेत ना, याची वरचेवर परीक्षा करायची. माशाच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया हे विष आहे. खडकाच्या छिद्राछिद्रांत वस्ती करणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग त्यापेक्षा पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. ही वस्ती स्थिर होण्यास पाच-सहा आठवडे तरी जातात, आणि तोपर्यंत त्या पाण्यात जीव सोडणे म्हणजे त्याला मारणे होय. कोणालाही न दिसणारा असा हा कारभार बिनतक्रार चालू राहतो, म्हणूनच तो एक मासा तेथे निश्चल बसू शकतो.

जुन्या संस्थानी व्यवस्थेत अठरा कारखान्यांपैकी आबदारखाना म्हणून एक खाते असे; पिण्याचे पाणी भरून, गाळून, थंड ठेवून राजवाड्याला पुरविणे एवढेच त्याचे काम, पण त्यावर विश्वासू माणूस नेमला जाई. देवासला तर पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती एकाच गावात नांदत होत्या. दोन दरबार, दोन राजवाडे, दोन फौजा, आणि पाणीपुरवठ्याची व्यवस्थासुद्धा दोन. 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून येथे राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारख्या परकीय लेखकाला या दुहेरीपणाचे नवल वाटले यात आश्चर्य नाही. 1948 मध्ये दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या. पुढे गाव वाढले, कारखाने आले, जुने तलाव आणि विहिरी उपेक्षेत पडल्या, कूपनलिका खोल खोल जात राहिल्या, आणि 1990 साली या शहराला पिण्याचे पाणी इंदूरहून रेल्वेने आणावे लागले. फलाटालगत रुळांवर उभ्या राहिलेल्या त्या पाण्याच्या वाघिणी ज्यांनी पाहिल्या त्यांच्या हातून नळाची तोटी आजही उघडी राहत नाही. मग उद्योगांसाठी नर्मदेचे पाणी नेमावरहून वर आणले गेले. खेड्यांत 2006 पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर तळी खोदली आणि त्यांना रेवासागर असे नाव दिले. ज्या गावाने पाण्याचे असे दिवस काढले, तेथे शोभेसाठी दीडशे लिटर पाणी राखावे काय, हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. आरओतून जे पाणी वाया जाते ते आमच्याकडे धुण्या-भांड्यांना आणि परसातल्या झाडांना जाते; परंतु हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. पाण्याचा एकेक तांब्या मोजून वापरावा लागतो, हे मला या टाकीने जितके शिकविले तितके त्या दुर्भिक्षानेही शिकविले नव्हते, एवढे मात्र मी खरेपणाने सांगू शकतो.

कारण माळव्याची हवा कोरडी आहे. याच कोरडेपणासाठी 1948 साली क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व वैद्यकीय सल्ल्यावरून देवासला आले, कित्येक वर्षे गाणे बंद ठेवून येथे पडून राहिले, आणि बरे होऊन मरेपर्यंत येथलेच झाले. ज्या हवेने त्या फुप्फुसाला जीवदान दिले तीच हवा वैशाखात माझ्या टाकीतले पाणी दिवसाकाठी लिटर-दोन लिटर उचलून नेते. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात; म्हणून भर घालायची ती नेहमी गोड्या पाण्याची, नाहीतर समुद्र दिवसेंदिवस अधिक खारट होत जाईल. काचेवर मी एक रेघ आखून ठेवली आहे. रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणणे हा घरातला पहिला शिरस्ता. दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला म्हणजे टाकीवर दोन लहान पंखे लावतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीचे पाणीही दोन-तीन अंशांनी उतरते, आणि दमट मुंबईत या उपायाचा एवढा उपयोग झाला नसता. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तयार असतो. आणि मग, शब-ए-माळवा म्हणून जिची कीर्ती आहे ती थंड वाऱ्याची रात्र येते, खिडकी उघडता येते, आणि त्या दिवसापुरता समुद्र शाबूत राहिला असे मनाशी म्हणून मी दिवा मालवतो.

माझे मामा धारला असतात. साडेबारा तलावांचे गाव म्हणून धारची ख्याती आहे, आणि तेथून मांडूला गेले की कपूर आणि मुंज या दोन तलावांच्या मध्ये जहाजमहाल उभा दिसतो; समुद्र कधी न पाहिलेल्या प्रदेशात जहाज म्हणून बांधलेली एवढी थोरली इमारत दुसरीकडे कोठे असेल असे वाटत नाही. मामा शाळेत भूगोल शिकवीत, आणि त्यांच्या घरच्या एका कपाटात, कापसावर मांडलेले, शिंपल्यांचे आणि समुद्री साळिंदरांचे दगडी अवशेष होते. मुलांना घेऊन ते बाघ आणि चिराखानच्या बाजूला जात, तेव्हा ओढ्याकाठी जे मिळाले ते. पांढरट-पिवळ्या चुनखडीत शिंपल्याच्या कडा स्पष्ट दिसत. बोट फिरविले की पन्हळी लागत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून पश्चिमेचा समुद्र थेट येथवर आला होता. भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांनी 1869 मध्ये या थरांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्रमथनाथ बोस यांनी 1884 मध्ये खालच्या नर्मदा खोऱ्याचा जो भूशास्त्रीय वृत्तांत लिहिला, त्याचा आरंभ आमच्याच देवास जिल्ह्यातील नेमावरपासून होतो. समुद्र मागे हटला, त्यानंतर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, आणि आपण जिला माळव्याची काळी माती म्हणून कपाळी लावतो ती त्या लाव्ह्याची झीज आहे.

मामा एकदा देवासला आले असता टाकीपुढे बराच वेळ बसून राहिले. मासा त्यांना मी न दाखविताच दिसला. निघताना ते एवढेच म्हणाले, "अरे, याला यायला नऊ कोटी वर्षं उशीर झाला." मला ते वाक्य फार आवडले, आणि नंतर मी शोध घेतला तेव्हा कळले, की बाघचा समुद्र येथे होता त्या काळात या कुळाचा मासा होता असा पुरावा नाही, त्याचा सर्वांत जुना ज्ञात अवशेष इटलीतील माँते बोल्का येथे सापडला आणि तो सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे आमचा समुद्र ओसरून गेल्यावर पुष्कळ काळाने हा जीव जन्मला. मामांना हे कळविले तेव्हा त्यांना खेद झाला नाही. त्यांनी तो आकडा आपल्या कपाटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवला. त्याच धार जिल्ह्यात पाडल्या गावचे शेतकरी शेताच्या हद्दीवर काकड भैरव म्हणून ज्या गोल दगडांची पिढ्यानपिढ्या पूजा करीत आले, ती डायनासोरांची अश्मीभूत अंडी आहेत हे 2023 मध्ये गाजावाजा होऊन सर्वांस कळले. मला त्या शेतकऱ्यांच्या अज्ञानाचे हसू आले नाही. दगडात काही राखण्याजोगे आहे हे त्यांना शास्त्रज्ञांच्या आधी जाणवले होते. माझ्या घरी येणाऱ्या सुशिक्षित पाहुण्यांना तर समोर बसलेला जिवंत जीवही दगडच वाटतो.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा मासा कोणी टाकीत जन्मास घातलेला नाही. मादी एका चिकट, तरंगत्या पट्ट्यात हजारो अंडी सोडते. ती लाटांबरोबर दूरवर वाहत जातात, आणि त्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म पिलांना बंदिस्त पाण्यात जगविणे अत्यंत दुर्घट आहे. त्यामुळे बाजारात येणारा जवळजवळ प्रत्येक फ्रॉगफिश प्रवाळावरून हाताने उचललेला असतो. मग प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून, थर्मोकोलच्या खोक्यातून, विमानाने मुंबईस, आणि तेथून अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून माळव्यात, असा तो येतो. त्याला पिशवीतून काढतानासुद्धा जाळीने वर उचलायचे नसते. तो हवा गिळतो आणि ती पोटातून बाहेर टाकणे त्याला अवघड जाते, म्हणून भांडे पाण्याखाली नेऊन पाण्यातच त्याचे स्थलांतर करायचे असते. एवढे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती तो पहिल्याच दिवशी दगावतो. मी तो आणला. त्याच्या समुद्रातून त्याला काढण्यात माझ्या पैशाचा हातभार आहे, ही गोष्ट मी कधी दृष्टीआड केलेली नाही, आणि त्याच्या मोबदल्यात मी त्याला देऊ शकतो ते फक्त त्या रेघेपर्यंतचे पाणी.

म्हणून हा लेख वाचून, माळव्यात असो, विदर्भात असो की पुण्याच्या एखाद्या सदनिकेत असो, ज्यांना असा मासा घरी असावा असे वाटू लागेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आधी टाकी घ्या, खडक घ्या, क्षार घ्या आणि तीन महिने त्यात एकही मासा न सोडता नुसते पाणी राखा. त्या तीन महिन्यांत निदान एक उन्हाळ्याचा येऊ द्या. रोज सकाळी रेघ पाहण्याचा, रोज आकडा लिहिण्याचा कंटाळा आला तर कोणाचेही नुकसान न होता ती टाकी विकून टाकता येईल. कंटाळा आला नाही तर मासा आणा, आणि एकच आणा.